ई-मालवाहू स्कूटर चंद्रपुरात परवडते का? आधी रोजचे किलोमीटर मोजा, मग मे महिन्याचे ऊन

एप्रिल उजाडला की चंद्रपुरात पाण्याच्या जारचा धंदा तेजीत येतो. वीस लिटरचा भरलेला जार म्हणजे एकवीस-बावीस किलो वजन. दुकाने, दवाखाने, बँका, मंगल कार्यालये अशा सगळ्या ठिकाणी तो रोज पोहोचवावा लागतो. एका खेपेत वीस-बावीस जार घेतले की साडेचारशे-पाचशे किलो माल झाला. जटपुरा गेटवर वाहतूक अडली की डिझेलची तीनचाकी धूर सोडत उभी राहते, आणि वरून पारा 45 च्या पुढे. अशा वेळी मागच्या दुकानदाराने ‘बॅटरीवाली का घेत नाही?’ असे विचारले, तर प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र तसे नाही.

ई-मालवाहू वाहनांबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक पुणे, मुंबई, बंगळूरूचे असते. तिथे मोठ्या कुरिअर कंपन्या शेकडो गाड्या एकदम घेतात, आपल्या गोदामात चार्जर लावतात आणि बिघडलेल्या गाडीच्या जागी दुसरी पाठवतात. चंद्रपूर-गडचिरोलीत गाडी एकच असते आणि मालक, चालक, हमाल हे सगळे बहुधा एकच माणूस असतो. गाडी बंद म्हणजे त्या दिवसाची कमाई बंद, हप्ता मात्र सुरूच. म्हणून हा हिशेब त्याच्या बाजूने मांडायला हवा.

आपण नेमक्या कोणत्या गाडीबद्दल बोलतो आहोत?

बाजारात तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात. पहिली, मालवाहू दुचाकी: मागची सीट काढून किंवा पायाजवळ सपाट जागा ठेवून शंभर-दीडशे किलो नेणारी. विदर्भातल्या दूधवाल्याने आणि भाजीवाल्याने हे काम वर्षानुवर्षे लुनावर केले. तीच लुना फेब्रुवारी 2024 मध्ये ‘ई-लुना’ म्हणून परत आली. बाजारात येताना किंमत सुमारे 70 हजारांपासून होती आणि कंपनीने भारक्षमता 150 किलो सांगितली. (हा आकडा चालक धरून की सोडून, हे विक्रेत्याला विचारलेले बरे.) दुसरी, तीनचाकी मालवाहू: महिंद्रा, पियाजिओ, बजाज, यूलर यांच्या, साधारण पाचशे किलो किंवा त्याहून जास्त माल नेणाऱ्या. तिसरी, ताशी 25 किलोमीटरची ई-कार्ट, म्हणजे ई-रिक्षाचीच मालवाहू बहीण. नियमानुसार तिला 310 किलोपर्यंतच माल नेता येतो, पण रस्त्यावर तिच्यात किती भरतात हे आपण पाहतोच.

‘लायसन्स नको, पासिंग नको’ असे सांगून स्वस्तात विकली जाणारी स्कूटरही असते. 250 वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी 25 किलोमीटरच्या आतला वेग असेल, तरच ती सूट लागू होते. एवढ्याशा मोटरवर दोन सिलिंडर ठेवून रामसेतूचा चढ चढायचा म्हटले तर मोटर तापणारच. आणि दुकानदाराने वेगाची मर्यादा काढून दिली, तर ती गाडी कायद्याने विनानोंदणी वाहन ठरते. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. माल वाहायचा असेल तर हा स्वस्त मार्ग सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

नोंदणीकृत ई-मालवाहू वाहनाला एक मोठी सोय आहे. ऑक्टोबर 2018 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार बॅटरीवरच्या व्यावसायिक वाहनांना परमिट लागत नाही. फिटनेस आणि विमा मात्र लागतोच.

पैशांचा हिशेब कसा बसतो?

खालचे दर आणि मायलेज हिशेबासाठी धरलेले आहेत. तुमचे आकडे टाकून तोच हिशेब मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करून पाहा.

आधी दुचाकी. पेट्रोल 105 रुपये लिटर आणि माल लादलेली मोपेड 45 किलोमीटर देते असे धरले, तर किलोमीटरला 2 रुपये 33 पैसे पडतात. तेवढाच माल घेऊन ई-मोपेड किलोमीटरला साधारण 40 वॉट-तास खाते. चार्जिंगमधली गळती धरून मीटरवर 47 वॉट-तास पडतात. विजेचा दर इथे बहुतेक जाहिराती सहा-सात रुपये दाखवतात, तो धरू नका. घरच्या मीटरवर पंखे, कूलर आणि फ्रिज चालून पहिली 100 युनिट आधीच संपलेली असतात. गाडीची वीज त्यापुढच्या टप्प्यात मोजली जाते आणि वहन आकार, वीज शुल्क धरून ती 13 रुपयांच्या घरात जाते. म्हणजे किलोमीटरला सुमारे 61 पैसे.

रोज 50 किलोमीटर आणि महिन्याला 26 दिवस धरले, तर 1300 किलोमीटर होतात. पेट्रोलचे 3,030 रुपये, विजेचे सुमारे 790. दरमहा 2,240 रुपये वाचले. पण यातून बॅटरीचा वाटा बाजूला काढायला हवा. दोन किलोवॉट-तासाची छोटी बॅटरी 50 किलोमीटरला जवळजवळ पूर्ण रिकामी होते, म्हणजे रोज एक पूर्ण चक्र. अशा वापरात तीन वर्षांनी ती बदलावी लागेल आणि 30 हजार रुपये पडतील असे धरले, तर महिन्याला 830 रुपये तिचे. उरले 1,400. पेट्रोल मोपेडपेक्षा गाडी 20 हजारांनी महाग असेल तर फरक 14-15 महिन्यांत फिटतो. हा सौदा चांगला आहे.

आता हाच हिशेब रोज 15 किलोमीटर फिरणाऱ्या किराणा दुकानदारासाठी करा. बॅटरीचा वाटा न धरताही त्याची महिन्याची बचत जेमतेम 670 रुपये येते. त्याने मोह पडून पेट्रोल गाडीपेक्षा 50 हजारांनी महागडी स्कूटर घेतली, तर ते पैसे वसूल व्हायला सहा वर्षे लागतील. तोवर वॉरंटी संपलेली असेल. पेट्रोलवर जो जास्त खर्च करतो त्यालाच ही गाडी पैसे मिळवून देते. जो आधीच कमी फिरतो त्याला नाही. शोरूममध्ये हे सहसा उलटे सांगतात.

तीनचाकीचा हिशेब जास्त अवघड, कारण तिथे कर्ज येते. डिझेल 92 रुपये आणि मायलेज 28 धरले, तर किलोमीटरला 3 रुपये 29 पैसे. ई-तीनचाकीला गळती धरून किलोमीटरला 0.11 युनिट, म्हणजे 1 रुपया 43 पैसे. किलोमीटरमागे 1 रुपया 86 पैसे वाचतात. गाडी एक लाखाने महाग असेल आणि तो वाढीव लाख 12 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी कर्जाऊ घेतला, तर त्याचा हप्ता 3,320 रुपये येतो. तेवढी बचत व्हायला रोज जवळपास 70 किलोमीटर फिरावे लागते. चंद्रपूर शहरातल्या शहरात, पडोली ते बाबूपेठ आणि तुकूम ते बिनबा गेट अशा खेपा करून, रोज 70 किलोमीटर होतात का? पाणी आणि गॅसवाल्यांना विचारा, बहुतेकांचे होत नाहीत.

राज्याच्या 2025 च्या ई-वाहन धोरणात मालवाहू तीनचाकीला किमतीच्या 10 टक्के, जास्तीत जास्त 30 हजार रुपये सवलत आहे. ती बिलात खरोखर उतरली तर फरक 70 हजारांवर येतो, हप्ता 2,325 होतो आणि रोजचे 48 किलोमीटर पुरतात. बल्लारपूर किंवा घुग्घुसची एखादी फेरी करणाऱ्याला हे जमण्यासारखे आहे. ऑइल, फिल्टर, क्लचप्लेट यांचा खर्च वाचतो तो वेगळा. आणि जाममध्ये उभी असताना ई-गाडी जवळजवळ काहीच खात नाही. परकोटाच्या आत, गोल बाजाराच्या गल्ल्यांत माल उतरवणाऱ्याला ही गोष्ट मायलेजच्या आकड्यापेक्षा जास्त कळते.

उन्हाचे काय?

चंद्रपूरचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. या शहरात आणि ब्रह्मपुरीत पारा 47 अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी आहेत. हवा 45 अंश असताना डांबर त्याहून कितीतरी तापलेले असते, आणि बॅटरी त्याच डांबरापासून फूट-दीड फुटावर असते.

लिथियम बॅटरी गरम असताना चालवणे आणि गरम असताना चार्ज करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंजिनिअरिंगला हा धडा आम्ही परीक्षेपुरता वाचला होता. त्याचा अर्थ इथल्या उन्हाळ्यात कळतो. बहुतेक लिथियम सेल 55-60 अंशांपर्यंत वीज देऊ शकतात. त्यांना चार्ज करण्याची नेहमीची मर्यादा मात्र सेलचे तापमान 45 अंश असेपर्यंतच असते. बॅटरीतली नियंत्रण यंत्रणा त्या वर गेल्यावर चार्जिंग मंद करते किंवा थांबवते. सकाळी साठ जार टाकून दुपारी एक वाजता गाडी घरी आली, प्लग लावला आणि तासभर काटा हललाच नाही, तर बिघाड झाला असे समजू नका. बॅटरी स्वतःला वाचवते आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा की पुण्यात दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत होणारे चार्जिंग इथे मे महिन्यात होईलच असे नाही. दिवसाचे काम रात्रीच्या एका चार्जिंगवर भागले पाहिजे. जाहिरातीतला पल्ला हा प्रयोगशाळेतल्या ठरावीक चाचणीचा असतो. माल, खड्डे आणि दोन वर्षे वापरलेली बॅटरी धरून त्याचा साठ टक्के भागच आपला समजावा. 110 किलोमीटर लिहिले असेल तर 65. तेवढ्यात दिवस भागत नसेल तर मोठी बॅटरी घ्यावी, किंवा घेऊच नये.

बॅटरीचा प्रकारही विचारायला हवा. ‘एलएफपी’ म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट रसायनाची बॅटरी थोडी जड असते, पण उष्णता जास्त सहन करते आणि तिची चक्रेही जास्त असतात. आपल्याकडे तीच घ्यावी. शिशाच्या ॲसिड बॅटऱ्यांची ई-कार्ट सुरुवातीला स्वस्त पडते, पण तापमान आठ-दहा अंशांनी कायम जास्त राहिले की त्या बॅटरीचे आयुष्य निम्मे होते. वर्ष-दीड वर्षात नवा संच घेताना स्वस्ताई संपते.

2022 मध्ये देशात ई-स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्या. त्यानंतर ‘एआयएस 156’ या बॅटरी सुरक्षा मानकाचे कडक नियम डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्याआधीची सेकंड हँड गाडी कोणी अर्ध्या किमतीत देत असेल, तर हे वर्ष आठवा.

पाऊस त्या मानाने सोपा. ‘आयपी 67’ दर्जाची बॅटरी मीटरभर पाण्यात अर्धा तास तग धरते. पण इरई-झरपटचे पाणी वस्तीत शिरल्यावर गाडी रात्रभर बुडालेली राहिली, तर तो दर्जा कामाचा नाही.

गडचिरोलीत वेगळे काय?

26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. गडचिरोली शहर छोटे आहे. इंदिरा गांधी चौकातून चारही रस्ते काही किलोमीटरमध्ये संपतात, त्यामुळे शहरातल्या घरपोच मालासाठी ई-मोपेड चालेल. पण रोजचे किलोमीटरच कमी भरतात आणि पैसे वसूल व्हायला वेळ लागतो. जिथे किलोमीटर भरतात तो धंदा आठवडी बाजारांचा. कांदे-लसूण, सुकी मासळी, कपडे, भांडी घेऊन व्यापारी आज एका गावात तर उद्या दुसऱ्या गावात जातो. धानोरा किंवा चामोर्शीला जाऊन-येऊन 60 ते 80 किलोमीटर, तेही भरल्या गाडीने. वर काढलेला 65 किलोमीटरचा खरा पल्ला इथे तोकडा पडतो.

आणि पल्ला संपला तर? शहरात गाडी ढकलत नेता येते. इथे संध्याकाळी जंगलाच्या रस्त्यावर दीडशे किलो माल घेऊन थांबणे ही साधी अडचण नाही. चंद्रपूरहून मूलकडे जाताना लोहारा-केळझरचे जंगल लागते. तिथे दिवस मावळल्यावर दुचाकीवाले का घाई करतात हे सांगायला नको. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरातसुद्धा 2022 मध्ये वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली. पेट्रोल संपले तर गावातल्या किराणा दुकानात बाटलीत मिळते. चार्जिंग बाटलीत मिळत नाही. एटापल्ली-भामरागडकडे पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो, आणि पर्लकोटाला पूर आला की रस्ताही बंद होतो. आजच्या घडीला त्या भागातल्या व्यापाऱ्याला ई-मालवाहू दुचाकी घे असा सल्ला देणे बेजबाबदारपणाचे ठरेल.

वीज तर कोळशाचीच, मग धूर कमी झाला कुठे?

हा प्रश्न चंद्रपूरकरांनीच विचारावा, कारण दुसऱ्या शहरांत विजेचा धूर दिसत नाही. इथे 2,920 मेगावॉटच्या केंद्राच्या चिमण्या घराच्या गच्चीवरून दिसतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या निर्देशांकात 83.88 गुणांसह हे शहर देशातल्या सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत होते.

देशाच्या ग्रिडमधली एक युनिट वीज म्हणजे सरासरी 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड. त्या हिशेबाने माल लादलेली ई-मोपेड किलोमीटरला 33 ग्रॅम सोडते आणि पेट्रोलची 51 ग्रॅम. फरक आहे, पण जाहिरातीत म्हणतात तसे ‘शून्य प्रदूषण’ नाही. गंज वॉर्डातल्या भाजीबाजारात नाकाजवळचा डिझेलचा धूर थांबतो, हा फायदा मात्र खरा आणि रोजचा आहे.

सवलत आहे, मग अडते कुठे?

केंद्राच्या सवलतीवर हिशेब बांधू नये. ‘फेम-2’ मध्ये ई-दुचाकीला किलोवॉट-तासामागे 15 हजार रुपये मिळत. जून 2023 मध्ये ते 10 हजार झाले, 2024 मध्ये 5 हजार आणि ‘पीएम ई-ड्राइव्ह’च्या दुसऱ्या वर्षी अडीच हजार. ओघ आटत चालला आहे आणि तो आटणारच होता.

आपल्याकडे खरी अडचण गाडी घेतल्यानंतरची आहे. सुटा भाग नागपूरहून, दीडशे किलोमीटरवरून येणार आणि निदान करणारा माणूस त्याच्या सोयीने. कंट्रोलर जळाला तर जटपुरा गेटचा कितीही हुशार मेकॅनिक तो उघडू शकत नाही, कारण त्याला ना सॉफ्टवेअर दिलेले असते ना प्रशिक्षण. कंपनीच टिकली नाही तर आणखी वाईट. हिरो इलेक्ट्रिक ही एकेकाळी ई-दुचाकी विक्रीत आघाडीवर होती (हिरो मोटोकॉर्पचा तिच्याशी संबंध नाही). तिने 2020 मध्ये ‘निक्स’ ही खास मालवाहू स्कूटर आणली होती. डिसेंबर 2024 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. आठ-दहा वर्षे गाडी वापरू पाहणाऱ्या माणसाने यातून काय घ्यावे हे उघड आहे.

‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये चार्जिंग केंद्रांसाठी 2 हजार कोटी आहेत. मालवाहू मोपेडला महामार्गावरचा महागडा जलद चार्जर लागत नाही. तिला लागतो 15 अँपिअरचा सॉकेट, त्याला मीटर आणि डोक्यावर पत्र्याऐवजी जाड सावली. गंज वॉर्डाचा भाजीबाजार, बल्लारपूर आणि मूलचे बाजार, गडचिरोलीतले आठवडी बाजारांचे ओटे, इथे असे दहा-वीस सॉकेटचे शेड उभारायला दोन्ही जिल्ह्यांकडे स्वतःचा पैसा आहे. कोळसा आणि लोहखनिजातून येणारा जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी खाणींची झळ बसलेल्या माणसांसाठीच आहे. धुळीतून दिवसभर माल ओढणारा त्यात बसत नसेल तर कोण बसतो? त्याच निधीतून आयटीआयमध्ये बॅटरी-कंट्रोलर दुरुस्तीचे वर्ग चालले, तर वर्षभरात प्रत्येक तालुक्याला एक-दोन कारागीर मिळतील. बाजाराच्या ठिकाणी खात्रीने चार्ज होणार असेल तर धानोरा-चामोर्शीची फेरी अशक्य राहत नाही. वर दिलेला सल्ला त्या दिवशी मी बदलेन.

तोवर घ्यायचीच असेल तर?

आठवडाभर रोजचे किलोमीटर वहीत लिहा. रोज चाळीसच्या आत असतील तर जुनी गाडी चालू द्या. शोरूममध्ये रिकाम्या गाडीची फेरी घेऊ नका. जार किंवा सिलिंडर लादून, मे महिन्यात, दुपारी मागा. नाही म्हणाले तर तेही एक उत्तरच आहे. बॅटरीच्या वॉरंटीत वर्षांबरोबर किलोमीटरची मर्यादा किती आणि व्यावसायिक वापर चालतो का, हे छापील कागदावर वाचा. अनेकदा तिथेच गोम असते: घरगुती वापराची स्कूटर धंद्याला लावली की वॉरंटी जाते. आणि एक प्रश्न विक्रेत्याला समोर बसून विचारा: याच गाडीची नवी बॅटरी आज घ्यायची झाली तर किती रुपये, आणि किती दिवसांत मिळेल? आकडा आणि दिवस त्याच्याकडून लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या.